सड्यावरचे अकरा खड्डे

"खाली बघा की पावणं! डोंगर कुटं पळून जात न्हाय."

सड्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मामा हे म्हणायचे. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं कातळाचं सपाट पठार. आमच्या कोल्हापूरच्या पश्चिमेला असे पुष्कळ आहेत. पाहुणे धापा टाकत वर यायचे आणि कमरेवर हात ठेवून लांब बघायचे. दरी, ढग, धरणाचं पाणी. एखादा लगेच हात पसरून फोटोला उभा राहायचा. मामा मात्र त्याच्या बुटांकडं बघत उभे. स्वतःच्या चपला काढून काखेत मारलेल्या, पॅन्ट दोन घड्या वर दुमडलेली, डोक्यावर पांढरी टोपी. मग पाहुणे खाली बघायचे आणि एकदम जागीच थबकायचे. आपण गवत म्हणून तुडवत आलो ते सगळं फुललेलं आहे, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात यायचं. सीतेची निळीजांभळी आसवं, पांढरे गेंद, आणि मधेच कीटक धरून खाणारी दवबिंदूची तांबडी रोपं, नखाएवढी.

त्या सड्याचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. का सांगत नाही ते पुढं कळेलच, आणि कळल्यावर तुम्हीही विचारणार नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवायची. पण मला ओळखायचे ते पाहुणे फिरवणारी म्हणून. बाहेरून परीक्षक येवोत, तपासणीची समिती येवो, व्याख्याते येवोत, प्राचार्यांचा निरोप ठरलेला, "मॅडम, तेवढं बघा." मग मी बघायची. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, जाताना चपला आणि गूळ. निमंत्रणपत्रिकेत आम्ही ऐटीत छापायचो, विद्येचं, कलेचं आणि निसर्गाचं गाव. त्यातली विद्या कॉलेजात मिळायची, कला मी दाखवायची, आणि निसर्ग बघायचा म्हणाले, की मी पाहुणे मामांच्या हवाली करायची.

मामा म्हणजे वनस्पतिशास्त्र विभागातले परिचर. बिद्रीकडचे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, विभागप्रमुख सरसुद्धा. त्यांचं काम म्हणजे सरांबरोबर डोंगरात जायचं, झाडं गोळा करायची, वर्तमानपत्राच्या कागदात घालून लाकडी फळ्यांत दाबायची, रोज कागद बदलायचे, आणि वाळली की जाड पुठ्ठ्यावर शिवायची. खाली चिठ्ठी लागायची. झाडाचं नाव, जागा, आणलं कुणी. आणणाऱ्याच्या जागी सरांचं नाव असायचं. मी एकदा मामांना डिवचलं, "अहो, आणता तुम्ही, आणि नाव त्यांचं?" तर म्हणाले, "असू द्या की बाई. झाडानं कुटं मला नाव इचारलंय?"

कागद बदलता बदलता ते वर्तमानपत्र वाचायचे. ती रद्दी दोन-तीन वर्षांपूर्वीची. त्यामुळं मामांच्या बातम्या कायम शिळ्या. एक दिवस धावत माझ्या वर्गाच्या दाराशी आले, चेहरा काळजीचा. "बाई, सरकार पडतंय म्हणं!" अहो, ते सरकार पडून, दुसरं येऊन, तेही पडायच्या बेतात होतं! मी सांगितलं तर जरा वेळ विचार करून म्हणाले, "मग आता बरं चाललंय का?" काय सांगणार कपाळ!

एकदा समितीचे अध्यक्ष सड्यावर आले. मोठं प्रस्थ. बोलता बोलता त्यांनी पाय उचलला, आणि तो खाली टेकायच्या आत मामांनी खाली बसून त्यांचा घोटा धरला. "सायेब, थांबा." अध्यक्ष एका पायावर! बाकीची समिती श्वास रोखून उभी. मला वाटलं, गेली आपल्या कॉलेजची श्रेणी. मामांनी शांतपणे दुसऱ्या हातानं पायाखालचं कसलंसं पान बाजूला केलं, एक इवलं फूल मोकळं केलं, आणि मग तो पाय वीतभर पलीकडं नेऊन ठेवला. "हां. आता टेका." अध्यक्ष आधी हबकले, मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. अहवालात त्यांनी विभागाबद्दल चार ओळी जास्त लिहिल्या. मामांना त्याचं काहीच नव्हतं.

आता कंदिलाचं सांगते. कंदीलपुष्प म्हणून एक जात आहे. जमिनीत सुपारीएवढा कंद, वर गवतात लपलेली काडी, आणि भाद्रपदात तिला एखाददुसरं फूल, लांबट, आत जांभळे ठिपके, खरंच टांगलेल्या कंदिलासारखं. त्यातली एक दुर्मीळ जात मामांना त्या सड्याच्या एका कोपऱ्यात सापडली होती. अकरा रोपं. दोन वर्षं त्यांनी ते विभागातही कुणाला सांगितलं नव्हतं. मला दाखवलं. मी फुशारून म्हटलं, "मलाच का हो मामा?" तर म्हणाले, "तुमास्नी त्यातलं काय कळत न्हाय म्हणून. ज्यास्नी कळतंय ती उपटून नेत्यात."

मला राग यायला हवा होता. पण मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून ती अकरा रोपं मोजली, आणि मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या डोंगरावरचं एक गुपित आपल्याला सांगितलं कुणीतरी, असं वाटलं.

आणि ते मीच फोडलं.

मोठ्या शहरातल्या एक विदुषी आल्या होत्या, झाडांवर व्याख्यान द्यायला. बाई गोड, बोलणं रसाळ, सभागृह गच्च भरलेलं. रंकाळ्यावर भेळ खाताना त्या मला म्हणाल्या, "तुमच्याइतकं प्रेमानं गाव दाखवणारं मला कुणी भेटलं नाही." झालं! मला हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवावं लागत नाही, माझी मीच शिडी घेऊन येते. मी म्हटलं, "अजून खरं कुठं दाखवलंय? आमच्या मामांकडं एक गंमत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर. मामा माझ्याकडं एकदाच बघून पुढं चालायला लागले. पाहुण्यांसमोर नाही म्हणायची आमच्याकडं पद्धतच नाही हो. वैरी दारात आला तरी आधी पाणी विचारतात. त्यांनी दाखवलं. बाई खरोखर हरखल्या. गुडघ्यांवर बसून पन्नास फोटो काढले. मग म्हणाल्या, "मामा, एक कंद मिळेल? मी जपेन, अगदी मुलासारखा."

मामा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणावं, नको म्हणून, यासाठी बघत होते ते. मला कळलं होतं. आणि तरी मी म्हणाले, "द्या की मामा. पाहुण्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं असतं का?"

ते खाली बसले. एका काटकीनं माती उकरायला लागले. एवढासा कंद, पण त्यांना केवढा वेळ लागला! ओल्या शेवाळात गुंडाळून, वर पानाची पुडी करून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला, आणि खड्ड्यात माती लोटून तळव्यानं कितीतरी वेळ दाबत बसले. उतरताना कुणाला "खाली बघा" म्हणाले नाहीत.

त्या बाईंच्या मनात पाप नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कौतुकानं ते फोटो फोनवरून सगळ्यांना बघायला टाकले, आणि खाली सड्याचं नाव लिहिलं. जागासुद्धा, गाडी कुठवर जाते तेही. असल्या कंदांचा शौक असलेले लोक असतात, ते कुंड्यांत वाढवतात, एकमेकांना देतात-घेतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! पंधरा दिवसांनी मामा शेंगा धरल्या का बघायला गेले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"बाई, न्हाय."

"काय नाही?"

"एक बी न्हाय. धा खड्डं हायत. बी धरायच्या आत खणून न्हेलं."

दहा ते, आणि एक आमचा. अकरा.

विभागात बोभाटा झाला. प्रमुखांनी सगळ्यांना बोलावलं. मी दुसऱ्या कामासाठी तिथंच गेले होते, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. सर संतापले होते, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. त्यांनी आयुष्य घातलं होतं या झाडांत. "कुणी दाखवली जागा? कंद कुणी काढून दिला?"

मामा म्हणाले, "म्या दावली. म्याच दिला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुनाच्या न्हाय. माजी अक्कल."

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मी? रोज वर्गात पन्नास मिनिटं न थांबता बोलणारी मी, तोंडात मूग धरून उभी राहिले. त्या महिन्यात उपप्राचार्यपदासाठी माझं नाव चाललं होतं. कारण एवढंच. याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं. गठ्ठा छातीशी धरून मी बाहेर आले आणि उत्तरपत्रिका तपासायला बसले.

मामांचं डोंगरात जाणं बंद झालं. त्यांना मागच्या खोलीत काचेची भांडी धुवायला बसवलं. निवृत्तीला चार वर्षं होती, चारही वर्षं त्यांनी तिथं काढली. खिडकीतून कॉलेजची मागची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. मी उपप्राचार्य झाले. अभिनंदनाला आलेल्या लोकांत तेही होते, पेढा घेऊन गेले.

दर भाद्रपदात, गणपती पोचवले की मामा एक दिवस रजा टाकायचे आणि एसटीनं एकटेच सड्यावर जायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी. "न्हाय." बस, एवढंच. मग जरा थांबून विचारायचे, "बाई, त्या पावण्या बाईंकडचा त्यो एक जगला का वो?"

त्या बाईंचा निरोप मला पहिल्याच हिवाळ्यात आला होता. कुंडीत कंद कुजला, फार वाईट वाटतंय, म्हणून. पण मामांच्या तोंडाकडं बघून माझ्यानं सांगवेना. मी म्हणाले, "जगलाय." दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, मी म्हणाले, "दोन फुलं आली म्हणे." तिसऱ्या वर्षी मी त्याला शेंगासुद्धा आणल्या! ते मान हलवायचे आणि भांडी धुवायला निघून जायचे.

एकदा मी भांड्यांच्या खोलीत गेले होते. मामा नळाखाली हात धरून नुसते उभे, पाणी वाहतंय. म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "डोळं मिटलं की खड्डं दिसत्यात बाई. उगडलं तरी बी दिसत्यात." नळ मी बंद केला. आणि बैठक आहे म्हणून निघून आले. मलाही दिसायचे ते खड्डे. वर्गात शिकवताना, बैठकीत, ताटावर बसल्यावर. पाहुणे फिरवायचं मी दुसऱ्यांवर ढकललं. कुणी निसर्ग दाखवा म्हणालं, की मी काहीतरी काम काढून उठायची.

ते निवृत्त झाल्यावरच्या भाद्रपदात मी म्हटलं, "मामा, यंदा मी येते." नको म्हणाले नाहीत. आम्ही एसटीनं गेलो, पायवाटेनं चढलो. वर पोचल्यावर चपला काढल्या. चार वर्षांत खड्डे बुजत आले होते, काहींत पाणी, काहींत दवबिंदूची रोपं. मला तर ते ओळखूही आले नसते. मामा एकेका खड्ड्यापाशी वाकून आत बोट फिरवत होते, शेवटचा आमचा. त्यात त्यांनी तळवा ठेवला.

मी म्हटलं, "मामा, तो कंद मेला. पहिल्याच वर्षी. मी खोटं बोलत होते."

"ठावं हाय."

"म्हणजे?"

"त्यो कुंडीत जगत न्हाय बाई. कातळ लागतोय त्याला. देतानाच ठावं व्हतं."

"मग दरवर्षी मला कशाला विचारत होता?"

मामांनी हात झटकले, माती पडली. "तुमी काय तरी बोलशीला म्हणून."

वारा होता. लांब कुणाच्या तरी म्हशींच्या घंटा वाजत होत्या. मी म्हणाले, "त्या दिवशी सरांपुढं बोलायला पाहिजे होतं मी. माझी चूक होती सगळी. मीच सांगितलं द्या म्हणून."

"बोलून कंद परत आलं असतं व्हय?" मामा म्हणाले. टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं, पुन्हा घातली. "पर तुमी बोलला असतासा तर मला बरं वाटलं असतं."

मी रडले. ते रडू देत होते. कुणाची समजूत काढायची त्यांना सवय नव्हती, झाडांना लागत नाही ती. उतरताना मी त्यांना शब्द दिला, "मी सरांना सांगते. सगळं. तुमच्या समोर सांगते." ते म्हणाले, "सवडीनं सांगा." आणि तो शब्दच मी धरून बसले. आधी परीक्षा आल्या. मग दिवाळी. मग सरांच्या घरी लग्न होतं, त्या गडबडीत कुठं हे काढायचं! मग वाटलं, संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाईन तेव्हा सांगेन. संक्रांतीला सर गावाला गेले होते.

माघात मामा गेले. सकाळी चहा घेऊन अंगणात बसले ते तिथंच. मला फोन आला तेव्हा मी काही तरी किरकोळ सही करत होते.

विभागानं शोकसभा ठेवली. खोली भरली होती. पहिल्या रांगेत मामांच्या मंडळी, डोक्यावर पदर, हात मांडीत. त्यांना मी एक-दोनदाच भेटले होते, वहिनी म्हणायची. सर बोलायला उठले. चांगलं बोलले, मनापासून. मामांचे डोळे, मामांचे हात, त्यांनी शिवलेले हजारो पुठ्ठे. आणि शेवटी म्हणाले, "माणूस म्हटलं की चूक होते. मामांच्या हातून एकच झाली. आज आपण ती विसरून जाऊ."

मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. म्हणाले, "सर, ती चूक मामांची नाही. माझी आहे. त्या बाईंना सड्यावर मी नेलं. मामांना कंद द्यायचा नव्हता, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि द्या म्हणून मी सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी याच खोलीत उभी होते. मी गप्प बसले आणि त्यांनी चार वर्षं भांडी धुतली."

सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं. बोलून झालं. मला वाटलं, आता कुणी तरी मला बोलेल. बोला, मी मनात म्हणत होते, बोला काही तरी.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "मॅडमचं मन किती मोठं आहे बघा. गेलेल्या माणसाचा दोष त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. याला म्हणतात माणुसकी." माना हलल्या. मागं कुणीतरी हुंदका दिला. "तसं नाही सर," मी म्हणत होते, "तसं नाही हो," पण सर दोन मिनिटं उभं राहायला सांगत होते आणि सगळे उभे राहिले.

बाहेर रिक्षापाशी वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात खरखरीत आणि गरम होते. "बाई, त्यांच्यापायी एवढं खोटं बोललासा. लई उपकार झालं."

"वहिनी, खोटं नाही. खरं आहे ते. देवाशपथ खरं आहे."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगासा. म्हायती हाय मला, तुमचा जीव व्हता त्यांच्यावर."

त्या रिक्षात बसल्या. रिक्षा फाटकातून बाहेर पडून वळली, तरी मी तिथंच उभी राहून खरं आहे, खरं आहे, म्हणत होते.